घसरण्याचे गुण: ड्रिफ्टिंग हा खेळ कसा झाला

मोटारींच्या बहुतेक शर्यतींचा निकाल घड्याळ देतं. जो आधी पोचला तो जिंकला, मग तो सेकंदाच्या हजाराव्या भागाने का पुढे असेना. ड्रिफ्टिंगचं तसं नाही. इथे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळणातून न्यायची असते, आणि ती किती चांगली घसरली याचे गुण परीक्षक देतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्रच वाटतं. गाडी घसरणं म्हणजे अपघाताची सुरुवात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मग घसरण्याची कसली आलीय स्पर्धा?

मला मात्र हा खेळ आपल्या वाङ्मय मंडळाच्या अगदी जवळचा वाटतो. वक्तृत्व, एकांकिका, काव्यवाचन, भजन या आपल्या स्पर्धांचा निकालही घड्याळ देत नाही. तिथेही समोर दोन-तीन परीक्षक बसतात, त्यांच्यापुढे गुणांचा कागद असतो, आणि निकाल लागला की "परीक्षकांना काय कळतं?" हा प्रश्न ठरलेला. जे मोजता येत नाही ते तोलायचं कसं, हा प्रश्न ड्रिफ्टिंगपुढेही होता. या प्रश्नाला उत्तर मिळालं तेव्हाच रस्त्यावरच्या एका धोकादायक नादाचा खेळ झाला. हा लेख त्या प्रवासाबद्दल आहे.

आधी गाडीत काय होतं ते पाहू

पावसाळ्यात लाल मातीच्या रस्त्यावर स्कूटरचं मागचं चाक कधीतरी सरकलं असेलच. त्या अर्ध्या सेकंदात हँडल आपोआप उलट्या दिशेला वळतं. ड्रिफ्टिंगमध्ये चालक ही अर्ध्या सेकंदाची अवस्था स्वतःहून आणतो आणि पूर्ण वळणभर टिकवून धरतो.

यामागचं शास्त्र फार अवघड नाही. प्रत्येक टायरकडे पकडीची एक ठरावीक पुंजी असते. ती तो दोन कामांवर खर्च करतो: गाडी पुढे ढकलणं किंवा थांबवणं हे एक, आणि वळणात गाडीला बाहेर जाऊ न देणं हे दुसरं. वळणात असताना मागच्या चाकांना एकदम जास्त ताकद दिली, तर सगळी पुंजी पहिल्याच कामावर उडते. दुसऱ्यासाठी काही उरत नाही. मग गाडीचा मागचा भाग वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकतो. अशा वेळी चालक स्टीअरिंग उलट फिरवतो. म्हणजे वळण उजवीकडे, आणि पुढची चाकं डावीकडे बघतायत! याला काउंटर स्टीअरिंग म्हणतात. पुढचं सगळं काम उजव्या पायाचं. अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला तर गाडी भोवऱ्यासारखी गरगरते, जरा कमी केला तर टायर पुन्हा पकड घेतात आणि गाडी सरळ होते. या दोन्हींच्या मधली जी चिंचोळी जागा, ती म्हणजे ड्रिफ्ट.

घसरण सुरू करायचे प्रकार अनेक आहेत. क्लच क्षणभर दाबून झटक्यात सोडायचा, म्हणजे मागच्या चाकांना धक्का बसतो. ही 'क्लच किक'. किंवा हँडब्रेक ओढून मागची चाकं क्षणभर थांबवायची. किंवा वळणाआधी गाडीला उलट्या बाजूला हिसका द्यायचा आणि मग वळणात लोटायचं, म्हणजे गाडीचं वजनच तिला फिरवतं. ही शेवटची युक्ती रॅलीच्या चालकांची आणि जुनी.

यासाठी गाडीची ताकद मागच्या चाकांना जाणारी हवी. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. जुनी अ‍ॅम्बॅसॅडर, ओम्नी किंवा बोलेरो यांची ताकद मागे जाते. त्यामुळे पार्किंगमध्ये हॅचबॅकचा हँडब्रेक ओढून गाडी गर्रकन फिरवणारा ड्रिफ्टिंग करत नसतो. तो फक्त टायर आणि वॉचमनचा संयम झिजवत असतो.

घाटातला जन्म

ड्रिफ्टिंग जपानमध्ये वाढलं, आणि तेही घाटात. डोंगरावरच्या खिंडीला जपानीत 'तोगे' म्हणतात. हा शब्द लिहायचं त्यांचं चित्राक्षर मला फार आवडतं. त्यात तीन भाग आहेत: डोंगर, वर आणि खाली. जपानी लिपीतली बहुतेक चित्राक्षरं चीनमधून आली, पण हे जपान्यांनी स्वतः तयार केलं. डोंगर चढायचा, माथा गाठायचा, पलीकडे उतरायचं. चोर्ला किंवा आंबोली घाटातून ये-जा करणाऱ्यांना या अक्षराचा अर्थ समजावून सांगायला नको.

या तंत्राची सुरुवात मात्र शर्यतीच्या ट्रॅकवर झाली. कुनिमित्सु ताकाहाशी हे आधी मोटारसायकलचे रेसर होते. १९६१ साली मोटारसायकलची ग्रां प्री जिंकणारे ते पहिले जपानी ठरले. पुढे ते मोटारींकडे वळले. १९७०च्या दशकात टूरिंग कारच्या शर्यतींत ते वळणात वेगाने शिरत, गाडीचा मागचा भाग सरकू देत आणि तशाच तिरक्या गाडीने वेग न घालवता बाहेर पडत. जिंकायची ही त्यांची एक पद्धत होती. प्रेक्षकांना मात्र जिंकण्याइतकीच ती तिरकी गाडीही आवडू लागली.

या प्रेक्षकांमध्ये केइची त्सुचिया नावाचा एक तरुण होता. १९५६चा जन्म, घरचा पैसा नाही, मोठी टीम पाठीशी नाही. त्याने ताकाहाशींचं तंत्र घाटात घोटलं. त्याची टोयोटा स्प्रिंटर ट्रुएनो, म्हणजे जिला सगळे 'एई८६' म्हणतात ती, साधी, हलकी आणि जेमतेम १३० अश्वशक्तीची गाडी होती. शर्यतीत सरळ रस्त्यावर तिच्या हाती फारसं काही लागणार नव्हतं. जे काही करायचं ते वळणात. १९८७ साली घाटातल्या त्याच्या ड्रिफ्टिंगची 'प्लस्पी' नावाची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि जपानभरच्या पोरांनी ती पाहिली. पुढे लोक त्याला 'ड्रिफ्ट किंग' म्हणू लागले.

यानंतर आली एक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' १९९५ ते २०१३ अशी तब्बल १८ वर्षं चालली. तिचा नायक ताकुमी रोज पहाटे वडिलांच्या दुकानातलं तोफू पोचवायला डोंगरावर जातो. तोफू फुटू नये म्हणून वडील गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवायला लावतात. पाणी सांडलं नाही पाहिजे! या एका पेल्यात ड्रिफ्टिंगचं अर्धं मर्म आहे. बाहेरून बघताना सगळा धूर, आवाज आणि आडदांडपणा दिसतो; आत चालकाचे हातपाय मात्र पेल्यातलं पाणी सांभाळत असतात. या कथेच्या अ‍ॅनिमेशन मालिकेसाठी त्सुचिया यांनीच मार्गदर्शन केलं होतं.

चित्रकथेतला घाट पहाटे रिकामा असतो. खऱ्या घाटात मात्र समोरून दुधाची गाडी येते, वळणावर कुणीतरी पायी चाललेलं असतं, रात्री धुकं उतरतं. हा नाद रस्त्यावर राहिला असता तर तो पोलिसांच्या वह्यांत आणि मृत्यूच्या बातम्यांतच उरला असता. त्याला बाहेर काढायचं काम काही माणसांनी केलं.

घाटातून मैदानात

दाइजिरो इनादा हे 'ऑप्शन' या गाड्यांच्या मासिकाचे संस्थापक. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी त्सुचिया यांना सोबत घेऊन बंद ट्रॅकवर ड्रिफ्टिंगच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. एक मासिक, एक चालक आणि भाड्याने घेतलेला ट्रॅक, एवढंच भांडवल. साहित्यातल्या चळवळीही बऱ्याचदा अशाच एखाद्या मासिकातून उभ्या राहिल्या आहेत, म्हणून मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो.

ऑक्टोबर २०००मध्ये फुकुशिमा प्रांतातल्या एबिसु सर्किटवर व्यावसायिक ड्रिफ्टिंगची मोठी स्पर्धा झाली, आणि २००१पासून तिची 'डी१ ग्रां प्री' ही वार्षिक मालिका बनली. त्सुचिया तिथे पहिली कित्येक वर्षं परीक्षक होते. घाटात वाढलेला माणूस आता टेबलामागे बसून गुण देऊ लागला. २००१चा पहिला विजेता नोबुतेरु तानिगुची निस्सान सिल्व्हिया चालवायचा. २००२चा विजेता कात्सुहिरो उएओ मात्र तीच जुनी एई८६ घेऊन आला आणि तिच्याहून दांडग्या गाड्यांना हरवून गेला. साध्या गाडीवाल्यालाही इथे जागा आहे, हे त्या वर्षी सगळ्यांना दिसलं.

गुण कशाचे द्यायचे?

आता मुख्य प्रश्न. चांगली घसरण म्हणजे कोणती? परीक्षकांनी तिचे तुकडे पाडले.

पहिली गोष्ट 'लाइन', म्हणजे रस्ता. ट्रॅकवर ठरावीक ठिकाणी खुणा असतात. कुठे वळणाच्या आतल्या खांबाला अगदी खेटून जायचं, कुठे बाहेरच्या रंगवलेल्या पट्ट्यात मागची चाकं न्यायची. ज्याची गाडी खुणांपासून लांब राहिली त्याचे गुण गेले. दुसरी गोष्ट 'अँगल'. गाडी किती तिरकी आहे, आणि तो तिरकेपणा टिकतो की डळमळतो? तिसरी गोष्ट 'स्टाइल'. घसरण कुठून सुरू केली, एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गाडी किती सहज फिरवली, भिंतीजवळ जाताना कचरला का? याच्या जोडीला वेग असतोच. अमेरिकेतल्या 'फॉर्म्युला ड्रिफ्ट' मालिकेत तीन परीक्षक असतात आणि ही तीन अंगं त्यांनी आपसांत वाटून घेतलेली असतात. एकाने फक्त लाइन बघायची, एकाने अँगल, एकाने स्टाइल. आपल्या वक्तृत्व स्पर्धेत विषय, उच्चार आणि मांडणी असे रकाने असतात, तसंच हे. अशी वाटणी केली की "मला आवडलं" एवढं म्हणून परीक्षकाची सुटका होत नाही. त्याला बोट दाखवून सांगावं लागतं.

ही झाली पात्रता फेरी. खरी गंमत पुढे आहे. निवडलेल्या चालकांच्या जोड्या लागतात आणि दोन गाड्या एकाच वेळी ट्रॅकवर उतरतात. एक पुढे, दुसरी तिच्या मागे, दोन्ही आडव्या, दोन्ही धुरात. जपानीत याला 'त्सुइसो' म्हणतात, इंग्रजीत 'टँडम'. मी याला जुगलबंदी म्हणेन. पुढच्याने ठरलेल्या लाइनवर उत्तम ड्रिफ्ट करायचं. मागच्याने त्याच्याइतकाच तिरकेपणा ठेवून त्याच्या शक्य तितकं जवळ राहायचं, अगदी हातभर अंतरावर. पुढच्या गाडीच्या धुरामुळे मागच्याला समोरचं धड दिसतही नाही. मग दोघे जागा बदलतात आणि पुन्हा तेच. गाडी गरगरली, मध्येच सरळ झाली, तर ती फेरी गेलीच. परीक्षकांना निवड करता आली नाही तर 'वन मोअर टाइम', म्हणजे पुन्हा एकदा पळा.

या जुगलबंदीतला एक नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पुढच्या चालकाने मागच्याला चकवण्यासाठी अचानक ब्रेक मारायचा नाही, ठरलेली लाइन सोडायची नाही. मागच्याला पाठलाग करता येईल असंच चालवायचं. टक्कर झाली तर चूक कुणाची हे परीक्षक ठरवतात आणि तो हरतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला हरवायचं, पण त्याला त्याचं काम करू देऊन. दोन माणसं एकमेकांवर पूर्ण विश्वास टाकल्याशिवाय ताशी शंभराच्या वर वेगात हातभर अंतरावर आडव्या गाड्या चालवूच शकत नाहीत. घाटात हा विश्वास कुणावर टाकणार? समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला कुठे माहीत असतं की तो तुमच्या स्पर्धेत आहे!

जगभर

३१ ऑगस्ट २००३ रोजी डी१ची स्पर्धा अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अर्विनडेल इथे झाली. त्याच सुमारास जिम लिओ आणि रायन सेज यांनी फॉर्म्युला ड्रिफ्टची स्थापना केली आणि २००४ साली तिचा पहिला हंगाम झाला. पहिला विजेता सॅम्युएल ह्युबिनेट हा स्वीडनचा चालक होता. त्याची गाडी डॉज व्हायपर. २००६मध्ये 'टोकियो ड्रिफ्ट' हा चित्रपट आला आणि ड्रिफ्टिंग हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नव्हता त्यांच्याही तोंडी बसला. त्यातलं खरं ड्रिफ्टिंग ह्युबिनेट, रीस मिलन आणि टॅनर फाउस्ट या स्पर्धेतल्याच चालकांनी केलंय, आणि मासेमारी करणाऱ्याच्या छोट्याशा भूमिकेत खुद्द त्सुचिया दिसतात.

हळूहळू नकाशा पसरला. लेबनॉनच्या अब्दो फेघाली यांच्या कल्पनेतून २००८मध्ये पार्किंगच्या जागेत ड्रिफ्टिंगची स्पर्धा सुरू झाली आणि अरब देशांत फिरली. पोलंडमधून निघालेल्या 'ड्रिफ्ट मास्टर्स' मालिकेची अंतिम फेरी वॉर्सातल्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये भरू लागली. फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये २०१२ साली जपानचा दाइगो साइतो पदार्पणातच विजेता ठरला. नॉर्वेचा फ्रेड्रिक आस्बो २०१५, २०२१ आणि २०२२ साली जिंकला. आयर्लंडच्या जेम्स डीनने २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षं जिंकली, आणि २०२४ला परत एकदा. म्हणजे जपानी घाटातला खेळ, अमेरिकन मालिका आणि आयरिश विजेता.

२०१७ साली मोटार शर्यतींची जागतिक संघटना असलेल्या 'एफआयए'ने टोकियोच्या ओदाइबा भागात पहिला आंतरखंडीय ड्रिफ्टिंग कप भरवला. जपानचा मासातो कावाबाता तो जिंकला. फॉर्म्युला वन चालवणाऱ्या संघटनेने ड्रिफ्टिंगला आपलं म्हटलं. कागदावर या खेळाला पूर्ण मान्यता मिळाली ती तेव्हा.

काय मिळालं, काय गेलं

मान्यतेबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर ताकद. त्सुचियांच्या १३० अश्वशक्तीच्या जागी आज वरच्या पातळीवर १००० अश्वशक्तीच्या गाड्या असतात. पुढची चाकं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वळावीत म्हणून सस्पेन्शनचे भाग बदललेले असतात. मागचे टायर काही फेऱ्यांतच संपतात. याच कावाबाताने २०१६मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराह विमानतळाच्या धावपट्टीवर १३८० अश्वशक्तीची निस्सान जीटी-आर ताशी ३०४.९६ किलोमीटर वेगाने ३० अंशात घसरवली आणि विश्वविक्रम केला. विक्रम मोठाच आहे. पण साधी जुनी गाडी घेऊन येणाऱ्या उएओसारख्याला आता वरच्या पातळीवर जागा उरलेली नाही, हेही खरं.

दुसरा बदल गुणांचा. परीक्षकांच्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा, हा वाद संपत नव्हता. म्हणून डी१मध्ये यंत्राने गुण द्यायची पद्धत आली. गाडीत बसवलेले सेन्सर वेग, कोन आणि गाडी किती झपाट्याने फिरली ते मोजतात आणि आकडा सांगतात. पक्षपाताचा प्रश्न मिटतो. पण यंत्राला जे मोजता येतं तेच करून दाखवायची सवय चालकांना लागण्याचा धोकाही असतो. अमेरिकेत अजून माणसंच गुण देतात आणि लोक अजून त्यांच्याशी भांडतात. मला ते भांडण बरं वाटतं. ज्या स्पर्धेत प्रेक्षक परीक्षकाशी वाद घालतात, त्या स्पर्धेत प्रेक्षक नीट बघायलाही शिकलेले असतात. आपल्या नाट्यस्पर्धांच्या निकालानंतर रंगमंदिराच्या बाहेर चहा पिताना जे चालतं, ते यापेक्षा वेगळं नाही.

आपल्या घाटाचं काय?

फोनवर रोज रील्स येतात. रात्रीचा घाट, धूर, गाणं, आणि वळणात आडवी गाडी. आपल्यातलेही काहीजण त्या कौतुकाने पुढे पाठवतात. त्यांच्याशी भांडायला नव्हे, पण एक सांगायला हा इतिहास उपयोगी आहे. ड्रिफ्टिंगचा खेळ झाला तो घाटात नव्हे, घाट सोडल्यावर. ज्यांना तो सगळ्यात चांगला येत होता, त्यांनीच तो रस्त्यावरून उचलून मैदानात नेला. त्याला खुणा दिल्या, परीक्षक दिले, भिंती आणि अँब्युलन्स दिली. आता तोच खेळ परत घाटात नेणं म्हणजे त्याच्याकडून हे सगळं काढून घेणं.

आपल्याकडे कायदाही हेच म्हणतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमानुसार राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वेगाच्या शर्यती लावणं गुन्हा आहे. यातला 'परवानगीशिवाय' हा शब्द महत्त्वाचा. रस्त्यावर शर्यत होऊच शकत नाही असं नाही. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादमध्ये हुसेन सागरच्या काठावरच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची जागतिक शर्यत झालीच ना? फॉर्म्युला ड्रिफ्टची लाँग बीचची फेरीही शहरातल्या रस्त्यांवरच होते. फरक एवढाच, की त्या दिवशी त्या रस्त्यावर दुसरं कुणी नसतं.

भारतात चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडाला शर्यतीचे ट्रॅक आहेत. ड्रिफ्टिंगला तर तेवढंही लागत नाही. एक मोठं बंद मैदान, रबराचे काही खांब, आणि बघायला शिकलेले तीन परीक्षक. लेबनॉनने ते पार्किंगच्या जागेत करून दाखवलं. आपल्याकडच्या मुलांना गाडीचा नाद कमी नाही. कमी आहे ती अशी जागा, आणि ती मागायची चिकाटी.

१९९५ साली फ्रान्समधल्या ले माँच्या २४ तासांच्या शर्यतीत एका होंडा एनएसएक्सने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. तिचे तीन चालक होते: अकिरा ईदा, केइची त्सुचिया आणि कुनिमित्सु ताकाहाशी. ज्याची घसरण पाहून घाटात शिकला, त्याच्यासोबत एकाच गाडीत, आळीपाळीने, अख्खा दिवस आणि अख्खी रात्र. ताकाहाशी तेव्हा ५५ वर्षांचे होते. गुरूच्या शेजारी उभं राहायचं तर त्सुचियाला एक ना एक दिवस घाट सोडावाच लागणार होता.